शनिवारी माळ माझ्याकडे

जालन्यात नवीन हॉटेल उघडलं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिथं जाऊन यायचं, हा आमचा नऊ वर्षांचा नेम. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. दोघंही एकाच शाळेत शिक्षक. मी विज्ञान शिकवतो, तो गणित. शाळेत आम्ही एकमेकांना 'सर' म्हणतो. शनिवारी सकाळची शाळा सुटते, दुपारची झोप होते, आणि संध्याकाळी तो मस्तगडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल उभी करून हॉर्न वाजवतो. तिथून पुढं 'भाऊ' सुरू होतं.

नवीनच हॉटेल का, याला कारण आहे. आम्ही काही फार मोठे खवय्ये नाही. पण जुन्या हॉटेलात सगळे ओळखतात. आपण दारात पाय ठेवावा, कोपऱ्यातल्या टेबलावरून 'नमस्कार सर' ऐकू यावं आणि तो नववीतल्या कुणाचा तरी बाप निघावा. मग त्याचीही बाटली टेबलाखाली जाते, आपलीही. दोन्ही टेबलांवर घास गळ्याखाली उतरत नाही. नव्या हॉटेलात पहिले तीन-चार आठवडे हा त्रास नसतो. वेटर नेपाळचे किंवा ओडिशाचे असतात, मालक काउंटरवर अवघडून बसलेला असतो, गाव अजून बिचकून असतं. त्यातून शनिवार. मारुतीचा वार म्हणून निम्मे लोक मटण आणि दारूला शिवत नाहीत, हॉल आमच्यासाठी मोकळा. वेटरनं एकदा का 'सर, नेहमीचंच ना?' असं विचारलं, की ते हॉटेल आमच्यापुरतं बंद.

अशी बरीच पाहिली. सुरुवातीला परमिट रूमच जास्त होत्या. लाकडी पार्टिशन, हिरवी ट्यूबलाइट, मसाला पापड आणि मागच्या बाजूला मुतारीचा वास. मग अंबड चौफुलीकडं 'फॅमिली'वाली आली. खाली पुरुष, वर पडदे लावलेल्या खोल्या, आणि जिन्यावर पाटी: वर जायचं तर सोबत बाईमाणूस हवं. मग बायपासला लॉन आली, लॉनमध्ये झोपाळे आले, आणि आता गच्चीवरची आली आहेत. तिथं एका भिंतीला प्लास्टिकचं गवत चिकटवलेलं असतं, त्यावर गुलाबी दिव्यांत इंग्रजी वाक्य पेटलेलं असतं आणि पोरी त्याच्यासमोर उभ्या राहून फोटो काढतात. मेनू कागदावर मिळत नाही. टेबलावरचा ठिपक्यांचा चौकोन फोनला दाखवायचा. मित्राला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यानं वेटरला विचारलं, "मंग जेवणबी फोनवरच का?" वेटर ओडिशाचा होता, त्याला विनोद कळला नाही.

पदार्थ कुठलेही असोत, आम्ही पहिल्यांदा शेवभाजीच मागवतो. ज्याला शेवभाजी जमत नाही त्याच्या सिझलरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, असं मित्राचं मत. माझं मोजमाप निराळं. शेवटी जी बडीशेपेची वाटी येते, तिच्यावरून मी हॉटेल ओळखतो. पहिल्या महिन्यात भाजलेली, धनाडाळ घातलेली, ताजी बडीशेप मिळते. मालकाचा उत्साह ओसरला की रंगीत साखरेच्या गोळ्या येतात, आणि त्यानंतर नुसती वाटी. मी जाताना एक चिमूट तोंडात टाकतो आणि चिमूटभर कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात. ही सवय बरी नाही हे मला माहीत आहे. मित्राला तर बडीशेपेच्या वासानंच मळमळतं, लहानपणापासून. वाटी आली की तो खुर्ची मागं सरकवतो आणि लवंग चघळत उभा राहतो.

आता माळेचं सांगायला हवं.

मित्र हसनाबादचा. घरी शेती, पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि सगळं घर माळकरी. म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, आणि माळ घातली की मांस आणि दारू वर्ज्य. त्याचीही माळ त्याच्या वडिलांनी, आबांनी, स्वतः मणी घोटून ओवलेली. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या शनिवारी आम्ही टेबलावर बसलो तेव्हा त्यानं इकडंतिकडं पाहिलं, शर्टाच्या आतून माळ डोक्यावरून काढली आणि माझ्यापुढं धरली.

"ठेव तुझ्याकडं जरा."

"तुझ्याच खिशात ठेव की."

"माझ्या खिशात म्हंजे माझ्या अंगावरच राह्यली न. टेबलावर ठेवली तर तिच्यासमोरच सगळं. तुझ्या खिशात असू दे. तुला काही लागू न्हाई."

मला लागू नाही हे खरंच होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, त्यानंतर आमच्या घरात माळ, गंडा, दोरा काही आलं नाही. मी बौद्ध आहे आणि विज्ञान शिकवतो. माझ्यापुरती ती लाकडाच्या मण्यांची दोरी होती. मी ती खिशात टाकली, बडीशेपेच्या पुडीशेजारी. निघताना त्यानं हात पुढं केला, मी ती काढून दिली, त्यानं गळ्यात घातली. तेव्हापासून दर शनिवारी हेच. आम्ही यावर परत कधी बोललो नाही.

दुसऱ्या पेगनंतर तो न चुकता एक गोष्ट म्हणायचा. "भाऊ, एकदा गावाकडं ये. आबाला भेट. वांग्याचं भरीत खाऊन बघ आमच्या घरचं." या निमंत्रणाची मुदत सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत असायची. सोमवारी तो फळ्यावर समीकरणं मांडत असायचा आणि हसनाबाद जिथल्या तिथं. जालन्यातल्या त्याच्या फ्लॅटवर मी कितीतरी वेळा चहा प्यालोय, तोही आमच्याकडं जेवलाय. पण गाव वेगळं. गावात आबा होते. मी कधी 'केव्हा येऊ?' असं विचारलं नाही आणि त्यानं कधी वार सांगितला नाही. मला राग येत होता का? येत होता. पण तो शेवभाजीबरोबर गिळता येण्याइतपतच होता.

हॉटेलात बसायला मला आवडतं त्याचं एक कारण हेही असावं. आमचं मूळ गाव अंबड तालुक्यातलं, अंतरवाली सराटीच्या पुढं. तिथल्या चौकातल्या चहाच्या टपरीवर आजोबांचा कप वेगळा होता. बाहेरच्या खिळ्याला टांगलेला. चहा पिऊन तो स्वतः विसळून परत टांगायचा. मी हे पाहिलेलं नाही, वडिलांनी सांगितलं. तरी कुठंही चहा आला की माझी नजर आधी बाकीच्यांच्या कपांवर जाते. हॉटेलात हे करावं लागत नाही.

गेल्या वर्षी मंठा चौफुलीपासून जरा पुढं एक गच्चीवरचं हॉटेल सुरू झालं. उघडल्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सातच्या सुमाराला गेलो. गवताची भिंत होती, गुलाबी वाक्य होतं. माळ माझ्या खिशात आली. त्यानं अर्धा पेग घेतला असेल, मी मेनूतल्या 'हंडी'च्या सहा प्रकारांत फरक काय ते वेटरला विचारत होतो. मेनू मित्राच्या फोनवर उघडलेला होता, त्यामुळं काजू करीच्या जागी एकदम त्याच्या भावाचा फोटो दिसू लागला आणि फोन थरथरला.

आबा ओट्याच्या पायरीवरून पडले होते. भोकरदनला दवाखान्यात नेलं होतं.

मित्र उठलाच. जालन्यात त्याचा मेव्हणा राहतो, तो दहा मिनिटांत गाडी घेऊन खाली आला. "गाडीची चावी ठेव," म्हणून मित्रानं मोटारसायकलची चावी माझ्या हातात कोंबली आणि जिना उतरून गेला. मागवलेलं जेवण आलं. मी एकट्यानं खाल्लं. शेवभाजी ठीक होती. बडीशेप चांगली होती, ती बांधून घेतली, त्याची मोटारसायकल चालवत घरी आलो, शर्ट काढून बादलीत टाकला आणि झोपलो. खिशाकडं हात गेला नाही. नऊ वर्षांत माळ माझ्या खिशात हॉटेलाबाहेर कधी आलीच नव्हती.

माझी बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रविवारी सकाळी ती रात्रपाळी करून आली आणि झोपायच्या आधी मशीन लावलं. थोड्या वेळानं मशीनमधून खडखड ऐकू येऊ लागली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती ओली मूठ घेऊन समोर उभी राहिली आणि मूठ उघडली.

"हे काय आहे?"

"तुळशीचे मणी."

"ते मला दिसतंय. आपल्या मशीनमध्ये कुठून आले?"

मी सांगितलं. नऊ वर्षं सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नाही असं मी स्वतःलाच सांगत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यात पेशंट खोटं बोलत असला की ती ज्या चेहऱ्यानं ऐकते, त्या चेहऱ्यानं.

"म्हणजे त्यांची माळ तुमच्या खिशात चालते," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्यांच्या गावातल्या घरात चालता का?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली. तेवढ्यात मित्राचाच फोन आला.

आबांचा डावा हात मोडला होता. प्लास्टर घालून रात्रीच घरी आणलं होतं. बाकी तब्येत ठीक. मित्र आवाज खाली करून बोलत होता, बहुतेक गोठ्यात उभा राहून.

"माळ तुझ्याकडं हाय न?"

"आहे," मी म्हणालो. बायकोच्या मुठीकडं पाहत.

"मी गळ्याला गमछा गुंडाळून बसलोय सकाळपासून. घसा धरला म्हणून सांगितलं. आबाला मोतीबिंदूनं धड दिसत न्हाई, पण मी आलो की गळ्याला हात लावून बघतेत. दर आइतवारी. आतापोहोतर गमछ्यावर भागलं. संध्याकाळी घरात भजन हाये, तवा गमछा काढावाच लागतो. भाऊ, माळ घेऊन ये. दुसऱ्या कुणाजवळ देता येत न्हाई."

नवीन माळ मस्तगडच्या बाजारात मिळाली असती. मी म्हटलंही. तो म्हणाला की त्या माळेत एक मोठा मणी आहे, त्याच्या आजोबांच्या माळेतला, तो आबा बोटानं ओळखतात. मी फोन ठेवला. मुदत न संपणारं हे पहिलंच निमंत्रण होतं आणि ते मला नव्हतं, माळेला होतं.

मशीनच्या रबरातून, गाळणीतून, चादरीच्या घडीतून आम्ही मणी गोळा केले. मूळचे किती होते हे माहीत नव्हतं, त्यामुळं सगळे सापडले की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मोठा मणी मात्र सापडला. बायको पलंगावर मांडी घालून बसली, नायलॉनच्या दोऱ्यात एकेक मणी ओवू लागली. रात्रभराची जागी होती.

"माझी आजी बघायला पाहिजे होती," ती म्हणाली. "तुळशीची माळ ओवते मी. आपल्या घरात. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून."

"दे, मी ओवतो."

"तुम्ही राहू द्या. तुम्ही धुवायला टाकली तेवढं पुरे." शेवटी तिनं दोऱ्याला गाठ मारली. टाका घालताना मारतात तशी, दोनदा फिरवून. मग ओढून पाहिली आणि माळ माझ्या हातात दिली. तिला साबणाच्या पावडरीचा दणदणीत वास येत होता.

दुपारी मी त्याच्याच मोटारसायकलवरून निघालो आणि राजूरला चहासाठी थांबलो. टपरीवर बडीशेपेच्या लहान पुड्या लटकत होत्या, सवयीनं एक घेऊन खिशात टाकली. माळ पँटच्या खिशात होती. शर्टाच्या खिशात ठेवायचं मला त्या दिवशी जमलं नाही. चारच्या सुमाराला हसनाबादला पोचलो.

घर मोठं होतं, नव्या स्लॅबचं, पुढं ओटा आणि ओट्याशेजारी ट्रॅक्टर. पडल्याचं ऐकून बरीच माणसं भेटायला आली होती. बाहेरच्या खोलीत पलंगावर आबा बसले होते. पांढरं धोतर, गळ्यात माळ, डावा हात प्लास्टरमध्ये. शेजारी मित्र, एप्रिल महिन्यात गळ्याला गमछा आवळून, घामानं डबडबलेला. मला पाहून तो अर्धा उठला.

"आमच्या शाळेतले सर," त्यानं सांगितलं. सगळे सरकले, मला खुर्ची मिळाली. आबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि नमस्कार केला.

"गाव कोणतं सरांचं?" भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. मी सांगितलं.

"आडनाव?"

मी सांगितलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. अशी शांतता मला ओळखीची आहे, ती दोन-तीन सेकंदच टिकते. मग म्हातारा "अस्सं, अस्सं," म्हणाला आणि कुणीतरी कपाशीचा विषय काढला.

चहा आला. कागदी कपात. मी खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांच्याच हातात कागदी कप होते. इतकी माणसं आल्यावर कोण कप धूत बसणार. तरी मी दाराकडच्या दोघांचेही पाहून घेतले. आबांच्या हातातही कागदीच होता. मग मी चहा प्यालो.

मित्राला एकट्याला गाठायचं होतं, पण आबांनी त्याचा हात धरून ठेवला होता. अर्धा तास असाच गेला. शेवटी तो मला पोचवायला म्हणून उठला आणि निरोप घेतल्यासारखे त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी माळ मुठीत घेऊन ठेवलीच होती. त्याच्या गमछ्याच्या टोकाखाली ती सरकवायची, एवढंच काम. दोघं शिक्षक, दोघांचं मिळून चाळीस वर्षांचं पोरांच्या कॉप्या पकडणं, आणि आम्हाला एक माळ देता-घेता आली नाही. त्याचा हात घामेजलेला होता, नायलॉनचा दोरा गुळगुळीत. माळ फरशीवर पडली आणि खडखडली.

"माळ पडली कुणाची तरी," आबा म्हणाले.

मित्राचा हात आपसूक गमछ्याकडं गेला.

"इकडं आणा."

मीच उचलली आणि त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती बोटांतून फिरवली. मोठा मणी आला तिथं थांबले. गाठ आली तिथं परत थांबले.

"दोरा नवा हाय."

"हो," मी म्हणालो. "तुटली होती. माझ्या बायकोनं ओवली."

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. हे सांगायचं आमचं ठरलं नव्हतं. काय सांगायचं हेच ठरलं नव्हतं. पण त्या गाठीवर ती डोळे ताणून बसली होती आणि मला ते दुसऱ्या कुणाच्या नावावर घालायचं नव्हतं.

"गाठ चांगली हाय," आबा म्हणाले. "सुटायची न्हाई." मग त्यांनी माळ नाकाजवळ नेली आणि हुंगली. "आज साबणाचा वास येऊन राह्यला."

मित्र फरशीकडं पाहत होता.

"सर, जरा जवळ या."

मी पलंगाशी वाकलो. आबांचं तोंड माझ्या शर्टाच्या खिशाजवळ आलं. राजूरची पुडी त्यात होती. ते क्षणभर तसेच थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळून आल्यासारखं झालं.

"तूच का मंग तो," ते म्हणाले. 'सर' गेलं, 'तुम्ही' गेलं.

"ह्याच्या माळंला दर आइतवारी बडीसोपीचा वास," त्यांनी खोलीला सांगितल्यासारखं सांगितलं. "ह्याला लहानपणापून बडीसोप चालत न्हाई. वकारी येती. मी म्हणलं, म्हंजे ही माळ कुणाच्या तरी दुसऱ्याच्या खिशात राहती. किती वर्सं झाले असतील, मीच इचार करू राह्यलो, कोण असंल तो."

"आबा, मंग तुम्ही बोल्ले काहून न्हाई?" मित्र म्हणाला. त्याचा आवाज दहावीतल्या पोरासारखा झाला होता.

"काय बोलायचं? मी काढू नको म्हणलं म्हणून तू काढायचा राह्यला असता का?" आबा म्हणाले. "खिशात तरी हाय, टेबलावर तर न्हाई टाकीत, म्हणलं. गमछा काढ आधी. जीव जाईल गरमीनं."

मित्रानं गमछा सोडला. त्याची मान लालभडक झाली होती. आबांनी एका हातानं माळ त्याच्या डोक्यावरून घालायचा प्रयत्न केला, ती कानात अडकली. दुसरा हात प्लास्टरमध्ये. मी वाकून ती कानावरून सोडवली.

"आता ऐक," आबा त्याला म्हणाले, आणि आवाज पहिल्यांदा कडक झाला. "मला हे पटलेलं न्हाई. पण काढशीलच तू. काढली तर ह्याच्याजवळच देत जा. दुसऱ्या कुणाजवळ न्हाई."

भिंतीला टेकलेला म्हातारा खाकरला. आबांनी त्याच्याकडं मान वळवली नाही.

मी निघतो म्हणालो, तर आबा म्हणाले, जेवून जायचं. भजनाच्या वेळी मी ओट्यावर बसून राहिलो. ते माझं नव्हतं आणि मला आत बसायला कुणी सांगितलंही नाही. त्याचं मला बरंच वाटलं. मग जेवायला आत बोलावलं. नऊ वर्षं मी आणि मित्र टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा फरशीवर शेजारी शेजारी बसलो. ताटं स्टीलची होती. माझं, त्याचं, आबांचं, म्हाताऱ्याचं. भरीत आलं. पहिला घास घेतल्यावर आम्ही दोघांनी सवयीनं एकमेकांकडं पाहिलं, नव्या हॉटेलात पाहतो तसं. भरीत खरंच चांगलं होतं. मीठ कणभर कमी होतं, तेही आमच्या नजरेत एकदमच ठरलं.

हात धुऊन मी परत बाहेरच्या खोलीत आलो. सगळे बसलेले. सूनबाईनं सुपारीचं तबक आणलं. त्यात बडीशेप नव्हती; मित्रामुळं त्या घरात ती येतच नसणार. आबांनी तबक बाजूला सारलं, माझ्या दिशेनं वळले आणि उजवा हात पुढं केला. तळवा वर.

"काढ," ते म्हणाले.

मित्रानं ताबडतोब गमछा नाकाला लावला. मी खिशातून पुडी काढली. फाडताना ती एकदा हातातून निसटली.

त्या रात्री बायकोची परत ड्यूटी होती, त्यामुळं भेट झाली ती सोमवारी सकाळी, मी शाळेला निघताना. ती नुकतीच आली होती आणि माझा डबा भरत होती.

"कप कसला होता?" तिनं विचारलं. बाकी काही विचारण्याआधी.

"कागदी. सगळ्यांनाच."

"आणि ताट?"

"स्टीलचं. सगळ्यांनाच."

"बघून घेतलंत?"

"घेतलं."

तिनं मान हलवली. डब्यात भाजी घातली.

"शेवटी आबांनी बडीशेप मागितली," मी म्हणालो.

"कुणाकडं?"

"माझ्याकडं. माझ्या खिशातली. सगळे बसले होते तिथं."

तिचा हात थांबला. "खाल्ली?"

"खाल्ली. आणि परत मागितली."

मग तिनं डब्याचं झाकण लावलं, माझ्या शर्टाच्या खिशाची मुडपलेली कड बोटानं सरळ केली आणि म्हणाली, "शनिवारचा शर्ट धुवायला टाकताना सांगत जा आता."